किनाऱ्यावर ड्रोन उडवताना विमानाच्या वाटेतून बाजूला कसं राहायचं

लग्नाचं बुकिंग आलं की मुहूर्ताच्याही आधी मी मांडव नेमका कुठे आहे ते विचारतो. "परुळ्यात, रस्त्याला लागूनच" एवढ्यावर भागत नाही, लोकेशन पाठवायला सांगतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळ्याजवळ चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला आणि त्या दिवसापासून आमच्यासारख्या ड्रोनवाल्यांचं आकाश बदललं. मालवणातून कॅमेरा घेऊन निघणाऱ्या नव्या पोरांना हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. विमानाला तुमचा ड्रोन दिसत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानची विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, सक्तीचं झालं. हे यंत्र आजूबाजूच्या विमानांतल्या ट्रान्सपाँडरला (रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला) सतत विचारत राहतं आणि उत्तरावरून अंतर नि उंची काढतं. धडकेचा धोका दिसला की एका पायलटला वर जायला सांगतं, दुसऱ्याला खाली. आपल्या ड्रोनमध्ये ट्रान्सपाँडर नसतो. उत्तर देणारं कोणी नाही, म्हणजे टीकॅसच्या लेखी समोरचं आकाश मोकळं.

राहिले पायलटचे डोळे. माझे वडील ट्रॉलरवर होते. रात्री समुद्रात दुसऱ्या होडीचा दिवा दिसला की ते म्हणायचे, "होडी हलणा नाय आणि मोठी मोठी होता, तर समज ती आपल्यारच येता." हवेतही तसंच आहे. धडकेच्या वाटेवर असलेली वस्तू काचेवर एका जागी ठिपक्यासारखी थांबलेली दिसते, आणि थांबलेल्या ठिपक्याकडे डोळा जात नाही. त्यातून ड्रोन तळहाताएवढा. पायलटला तो दिसेल तेव्हा वळायला वेळच उरलेला नसतो. बाजूला होणं सगळं आपल्या हातात आहे, आणि नियमही हेच म्हणतो. माणसं असलेल्या विमानाला वाट द्यायची ती ड्रोनने.

आता करायचं काय? घरून निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल झोन असतो; पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय एक मीटरही उडायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये परवानगीशिवाय ६० मीटरपर्यंत उडवता येतं, त्यापलीकडे हिरव्या झोनमध्ये १२० मीटरपर्यंत. लाल झोनला थेट केंद्र सरकारची परवानगी लागते, त्याचा विचारही सोडा. भोगवे, निवती, पाट, परुळे इथे काम असेल तर अंदाजावर जाऊ नका, पिन टाकून मोजा. बांदा-सातार्ड्याकडच्यांनी गोव्यातला मोप्याचा विमानतळही बघावा; राज्याची हद्द लागली म्हणून वर्तुळ थांबत नाही. हा नकाशा काल बघितला तर आजही बघा. राज्य सरकार ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन लावू शकतं. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा आमच्याच डोक्यावर लढाऊ विमानं नि हेलिकॉप्टरं होती. अशा दिवशी कालच्या नकाशाचा काय उपयोग?

उंचीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे ते फसवतं. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येतं, म्हणजे धावपट्टीपासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची. ५ किलोमीटरवर ते २६० मीटरच्या आसपास असतं, २ किलोमीटरवर जेमतेम १०५. तिथे कोणी १२० मीटरवर ड्रोन धरला तर तो विमानाच्याही वर आहे. दुसरी फसगत सड्याची. कंट्रोलरवरची उंची तुम्ही जिथून उडवलं तिथून मोजलेली असते. कड्यावरून उडवून ड्रोन पुढे समुद्रावर नेला की स्क्रीनवर ६० दिसतं, पण पाण्यापासून तो ६० अधिक अख्खा कडा इतका वर असतो. तटरक्षक दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं किनारा धरून खालून जातात, ती याच पाण्यावरून. त्यांचं वेळापत्रक कुठे लागत नाही. म्हणून किनाऱ्याच्या शॉटसाठी मी वाळूवरून उडवतो, सड्यावरून नाही.

आणि आरटीएच, म्हणजे ड्रोनला आपोआप घरी परत आणणारी सोय. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. २०२२ मध्ये एका किनाऱ्यावर लग्न होतं. नकाशा न बघता मी ड्रोन वर घातला होता. समुद्राकडून एटीआरचा, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचा, आवाज आला, मी घाबरून परत बोलावण्याचं बटण दाबलं आणि ड्रोन खाली यायच्या ऐवजी सरळ वर चढायला लागला. माडांच्या भीतीने मी परतीची उंची १२० मीटर ठेवली होती. आधी तेवढं वर जायचं, मग घरी यायचं, अशीच त्याची रचना असते. विमान बरंच वरून गेलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या विमानात मुंबईहून गावी येणारी माणसं होती.

तेव्हापासून परतीची उंची मी त्या जागेवरच्या सगळ्यात उंच माडाच्या किंवा टॉवरच्या थोडी वर ठेवतो, त्याहून जास्त नाही. विमानाचा आवाज आला की आरटीएचला हात लावायचा नाही. स्टिक खाली ओढून ड्रोन आहे तिथेच उतरवायचा. खाली माणसं असतील तर आधी बाजूला सरकवून. वेळ किती असतो तेही सांगतो. उतरणारं विमान सेकंदाला ६० ते ७० मीटर येतं. २ किलोमीटरवर दिसलं तर तुमच्याकडे तीस सेकंद. सेकंदाला ३ मीटरने उतरणाऱ्या ड्रोनला १२० मीटरवरून यायला चाळीस लागतात. म्हणजे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

म्हणून जोडीला माणूस लागतो. माझा आतेभाऊ स्पॉटर म्हणून उभा राहतो. त्याने स्क्रीन बघायची नाही, फक्त आकाश बघायचं नि कान द्यायचा. हे सगळ्यात कठीण, कारण मांडवात डीजे असतो. शॉट घेताना पाच मिनिटं आवाज कमी करा, असं मी यजमानांना बुकिंगलाच सांगून ठेवतो.

"एवढ्याशा ड्रोनने काय होणार?" असं विचारणारे भेटतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकजवळ उतरणाऱ्या छोट्या प्रवासी विमानाला ड्रोन लागला. ते सुखरूप उतरलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवा विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं. आग पेटलेली असताना ते विमान काही दिवस जमिनीवर बसून राहिलं.

परवानगी मिळाली नाही तर यजमानांना लगेच कळवा, मुहूर्ताच्या दिवशी नाही. गेल्या मोसमात परुळ्याकडच्या एका काकांना मी फोन करून सांगितलं, ड्रोन उडणार नाही. ते नाराज झाले. मग मी लांब बांबूवर कॅमेरा बांधून वरात वरून टिपली. माडाच्या झावळ्यांमधून दिसणारा नवरीचा शालू त्या फ्रेममध्ये आला, आणि काकांनी तोच फोटो मोठा करून घेतला.