पॉलिशरसाठी फोम पॅड कसे निवडावेत: नवशिक्यांसाठी

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. सोसायटीत रोज पहाटे धूळ पुसणाऱ्या कोरड्या फडक्यातले मातीचे कण क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, या रेषा ओढत असतात. त्या काढण्यासाठी हल्ली बरेच जण घरीच ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता थरथरवणारं डीए मशीन घेतात. मशीनची महिनाभर चौकशी होते आणि त्याला चिकटवायच्या फोमच्या चकत्या, म्हणजे पॅड, मात्र सोबत जे मिळतील तेच वापरले जातात. गाडीला शेवटी टेकतो तो फोम, त्यामुळे चौकशी खरं तर त्याची करायला हवी.

मी पहिल्यांदा ऑनलाइन स्वस्तातला रंगीबेरंगी संच घेतला होता. बॉनेटचं काम अर्धं झालं असताना एका पॅडचा फोम वेल्क्रोपासून सुटला आणि मशीनखालून बाजूला उडाला. नशिबाने पॅडमागची कडक प्लेट रंगाला टेकली नाही. तेव्हापासून संच बघून पॅड घेणं मी बंद केलं.

आधी प्लेट मोजा

मशीन उलटं करा आणि वेल्क्रो असलेली गोल प्लेट टेपने मोजा. पाच इंची प्लेट असेल तर पॅड साडेपाच किंवा सहा इंची घ्या. फोमची कड प्लेटच्या बाहेर सगळीकडून थोडी तरी आलीच पाहिजे. दोन्ही सारख्या मापाचे असतील तर पॅड किंचित बाजूला लागला तरी प्लेटची कडक कड पत्र्याला घासू शकते. मधोमध भोक असलेला पॅड बरोबर मध्यावर बसवायला सोपा जातो.

जाडीही पाहा. जाड, गुबगुबीत पॅड हाताला छान वाटतो, पण डीए मशीनची हालचाल तो स्वतःमध्येच जिरवतो आणि रंगापर्यंत ती कमी पोहोचते. नवशिक्याने इंचभर किंवा त्याहून थोडा पातळ पॅड घ्यावा.

रंग पाहून पॅड घेऊ नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फोमच्या रंगाला कोणतंही सार्वत्रिक प्रमाण नाही. रुपेस कंपनीच्या पॅडमध्ये निळा सगळ्यात कडक, हिरवा मधला, पिवळा मऊ आणि पांढरा अगदी मऊ. लेक कंट्रीच्या सीसीएस मालिकेत मात्र पिवळा हा ओरखडे कापणारा कडक पॅड आणि पांढरा पॉलिशिंगचा. मेग्वायर्सकडे पिवळा मधल्या कामाचा आणि काळा शेवटच्या चकाकीचा. म्हणजे कुणी नुसतं ‘पिवळा घ्या’ म्हणालं तर तीन ठिकाणी तीन वेगळे पॅड हातात पडतील. पाकिटावर कटिंग (ओरखडे कापणारा), पॉलिशिंग (मधल्या कामाचा) किंवा फिनिशिंग (शेवटच्या चकाकीचा) यांपैकी काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो पॅड घेऊ नका.

दुकानात जाऊन घेणार असाल तर अंगठ्याने दाबून बघा. कटिंग पॅड अंगठ्याला जोरात विरोध करतो आणि छिद्रं बहुधा डोळ्याला दिसतात. फिनिशिंग पॅडमध्ये अंगठा मऊ पावात रुतावा तसा आत जातो. पॉलिशिंग पॅड या दोन्हींच्या मधला. मग कडेला फोम आणि वेल्क्रो जिथे चिकटवलेत तिथे नखाने हलकेच उचलून बघा. कोपरा सुटतोय असं वाटलं किंवा बोटाला फोमचा चुरा लागला तर पॅड परत ठेवा.

लोकर आणि मायक्रोफायबरचे पॅडही मिळतात. ते भराभर कापतात, पण मागे धुरकट थर किंवा बारीक रेषा सोडतात आणि त्या काढायला पुन्हा फोमच लागतो. पहिल्या गाडीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एकच प्रकार घ्या, पण जास्त नग घ्या

मला कुणी एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन: पॉलिशिंग प्रकारचे चार-पाच पॅड घ्या आणि सोबत एकच मऊ फिनिशिंग पॅड. रंगीत संचात प्रत्येक प्रकारचा एकेकच नग असतो, आणि एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. दोन-तीन भाग झाले की फोम पॉलिशने भरतो, तापतो, मऊ पडतो आणि कापणं सोडून नुसता पुसत राहतो. तापलेल्या पॅडचा गोंद सुटायला वेळ लागत नाही. हॅचबॅकलासुद्धा पॅड बदलत राहावं लागतं.

मग कटिंग पॅड लागणारच नाही का? बहुतेक घरगुती कामांत नाही. पॅड आणि बाटलीतलं द्रव्य यांची जोडी काम करते. तोच पॉलिशिंग पॅड बारीक पॉलिशबरोबर सौम्य असतो आणि कंपाउंडबरोबर, म्हणजे जाड कणांच्या जास्त कापणाऱ्या द्रव्याबरोबर, बराच तिखट होतो. ओरखडे जात नसतील तर पॅड तोच ठेवून आधी बाटली बदला.

सौम्यपणावर एवढा भर देण्याचं कारण म्हणजे क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचाच असतो आणि पॉलिश करणं म्हणजे त्यातला थोडा थर कायमचा काढून टाकणं. ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागू नका.

दोन फुटांत चाचणी

गाडी धुऊन, क्ले बारने (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मातीसारख्या वडीने) खडबडीतपणा काढून, कोरडी करून सावलीत लावा. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हे सकाळी लवकरच शक्य होतं. रबर, काळं प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंगाचा थर पातळ असतो.

बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखा. नव्या पॅडवर थोडं पॉलिश बोटांनी सगळीकडे पसरवा, म्हणजे कोरडा फोम रंगाला घासणार नाही, आणि वर वाटाण्याएवढे चार थेंब ठेवा. पॅड टेकवून मगच मशीन सुरू करा. पहिल्या वेगावर द्रव्य पसरवा, मग वेग चार-पाचवर न्या. हात सावकाश चालवा, सेकंदाला इंचभर. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. अशा चार ते सहा फेऱ्या पुरतात.

प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी उभी रेघ काढून ठेवा. काम करताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी थरथरत राहिली तर पॅड फिरत नाहीये. तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरका धरलाय. दाब कमी करून पॅड सपाट केला की रेघ पुन्हा फिरायला लागते. मला मशीन धरायला या रेघेनेच शिकवलं.

मायक्रोफायबरने पुसा, मग पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसा. पॉलिशमधलं तेल बारीक रेषा झाकून ठेवतं, ते निघालं की खरं काय ते दिसतं. टॉर्च तिरका धरून बघा. रेषा गेल्या असतील तर हीच जोडी पूर्ण गाडीवर वापरा. थोड्या उरल्या असतील तर कंपाउंड. रेषा गेल्या पण पृष्ठभाग धुरकट दिसतोय, तर फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. शेजाऱ्याच्या गाडीवर जमलेली जोडी तुमच्या गाडीवर जमेलच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचा क्लिअर कोटसुद्धा कमी-जास्त कडक असू शकतो. बंपरवर मात्र वेळ आणि दाब दोन्ही कमी ठेवा. प्लॅस्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, त्यामुळे रंग एका जागी पटकन तापतो.

पॅड टिकवायचे तर

प्रत्येक चौकोन झाला की मशीन सावकाश चालवत पॅडवर मऊ ब्रश धरा, साचलेली पूड उडून जाते. हाताला गरम लागणारा पॅड बाजूला ठेवून दुसरा लावा. वेल्क्रो काढताना फोम धरून ओढू नका, कडेला बोटं घालून हळूहळू सोडवा.

काम संपल्यावर पॉलिश वाळायच्या आत कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून पॅड दाबून-दाबून धुवा. कापडासारखे पिळू नका, फोम फाटतो. सुकवताना फोमची बाजू खाली आणि वेल्क्रो वर ठेवा, नाहीतर पाणी उतरून गोंदात मुरतं. तेही सावलीत. पूर्ण सुकल्यावर झिपच्या पिशवीत भरून पिशवीवर पॅडचा प्रकार आणि कोणत्या द्रव्याबरोबर वापरला ते लिहा. कंपाउंड लागलेला पॅड पुढच्या वेळी बारीक पॉलिशसाठी घेतला, तर फोममध्ये उरलेले जाड कण नव्या रेषा पाडतात.