तंबू की गाडी? मुक्कामाआधी हे बघा

ठाण्याहून मुरबाड-माळशेजकडे रात्रीच्या मुक्कामाला निघालात, तर आधी महिना बघा. जून ते सप्टेंबर मी सरळ गाडीतच झोपायला सांगेन. घाटातल्या पावसापुढे साधा तंबू टिकत नाही, खालून ओल येतेच. मात्र गाडी दरडीखाली किंवा ओढ्याच्या पात्रात लावू नका.

गाडीत झोपताना एक गोष्ट कळकळीने सांगतो: इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; झोपेत माणूस दगावतो. त्याऐवजी समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, त्यावर मच्छरदाणीचं कापड लावा. काचांवर दवही कमी धरतं. उतार असेल तर डोकं चढाच्या बाजूला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तंबूच बरा, पाठ सरळ राहते. फक्त चेन रात्रभर पूर्ण बंद हवी, कारण मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. बूट आत घ्या, सकाळी झटकूनच घाला. शेकोटी किंवा कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका, धोका तोच, कार्बन मोनॉक्साइडचा. आणि घरचे आजी-आजोबा सोबत असतील, तर त्यांना गावातली खोली बघा.