पांढऱ्या माशीची नवी जात सापडली? आधी या चुका टाळा

उसावरच्या पांढऱ्या माशीच्या शास्त्रीय नावात आपलं बडोदं आहे: ॲल्युरोलोबस बरोडेन्सिस. कीटकशास्त्रज्ञ मास्केल यांनी 1896 मध्ये तिचं वर्णन केलं. त्यामुळे बडोद्याच्या कमाटीबागेत एखाद्या पानामागे वेगळं काही दिसलं, की इथल्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्यालाही नवी जात सापडली.

पहिली चूक म्हणजे उडणारी माशी पकडून जात ठरवणं. मेणाच्या भुकटीने माखलेल्या या इवल्या माश्या बहुतेक सारख्याच दिसतात. ओळख पटते ती पानाला चिकटलेल्या चौथ्या अवस्थेवरून, म्हणजे कोषावरून. तेव्हा पान तोडा. रिकाम्या कोषावर टी अक्षरासारखी चीर असेल तर माशी बाहेर पडली आहे. गोल भोक असेल तर आतून परजीवी गांधीलमाशी निघाली, आणि अशा कोषाचा रंग, फुगीरपणा बदललेला असू शकतो. त्यावर वर्णन उभं करू नका.

सगळ्यात महागात पडते ती एकाच झाडावर विसंबण्याची चूक. बेमिसिया टॅबॅसी या पांढऱ्या माशीच्या कोषावर लवदार पानांवर लांब केस येतात, गुळगुळीत पानांवर येत नाहीत. वांग्यावरचे आणि पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडावरचे कोष मी कितीतरी दिवस दोन जाती समजत होते. याच फरकामुळे या एका किड्याला पूर्वी अनेक नावं पडली. कीटकशास्त्रज्ञ लुईस रसेल यांनी 1957 मध्ये त्यांतली बरीचशी एकत्र आणली. उलटही घडतं: दिसायला तंतोतंत सारखे, पण जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकात 3.5 टक्क्यांहून जास्त फरक असलेले गट याच नावाखाली दडलेले आहेत. म्हणून वेगवेगळ्या झाडांवरचे भरपूर कोष घ्या, आणि काही अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवा.

सूक्ष्मदर्शकासाठी केलेली कोषाची स्लाइड काळी राहिली तर घाई नडली. 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) कोष हलके गरम करा, उकळू नका. बरोडेन्सिससारखे काळे कोष हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या थेंबांनी फिके करावे लागतात. मागच्या टोकाजवळचं छिद्र, त्यावरचं झाकण आणि जिभेसारखा अवयव स्वच्छ दिसायलाच हवेत.

झाडाचं नाव अंदाजाने लिहू नका, फांदी दाबून वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. वड म्हणून लिहिलेलं झाड पिंपरण निघतं.

आणि नामकरण: 1999 नंतरच्या वर्णनात मूळ नमुना (ज्यावर नवं नाव आधारलेलं असतं तो) कोणता आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल, हे स्पष्ट लिहावं लागतं. ते नसेल तर दिलेलं नाव ग्राह्यच धरलं जात नाही.