"मले काय धाड भरली?" म्हणणाऱ्यांसाठी: भरती न होता मन मोकळं करायचा उपचार

छातीवर दडपण, सकाळी उठताना आवळलेला जबडा, आणि कोणी विचारलं की "ठीक आहे". मी त्याच गोत्रातला, म्हणून सांगतो. आधी ईसीजी आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यात काही निघालं नाही, तर नागपुरात मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजची) किंवा मिहानच्या एम्सची मानसोपचार ओपीडी गाठा.

भरती न होता घ्यायच्या या उपचाराचं नाव 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट'. म्हणजे रात्री घरीच झोपायचं, पण आठवड्यातून साधारण तीन दिवस, तीन-तीन तास उपचाराला द्यायचे. त्यात गटसत्र असतं, एकट्याचं सत्र असतं, मधूनमधून घरच्यांसोबत बैठक. आपल्याकडे या नावाची पाटी क्वचितच दिसते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "आठवड्याला दोन-तीन सत्रं आणि एखादा गट जमेल का?" क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, तेही विचारा, त्यात लाजायचं काय? विम्याच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलाय का, हे पैसे भरण्याआधी बघा. बऱ्याच पॉलिसींना भरतीच लागते.

खरं काम वहीत होतं. चार रकाने आखा: घटना, शरीर, भावना, काय करावंसं वाटलं. माझं एक पान असं: भावाचा शेताच्या हिश्श्यावरून फोन. कान तापले, पोटात गोळा. भावनेच्या रकान्यात आधी 'राग' लिहिलं, मग खोडून 'अपमान'. शेवटचा रकाना: फोन आपटावा. भावना सापडत नसेल तर रकाना कोरा ठेवा, पण शरीराचा रकाना भराच. आमच्यासारख्यांना तिथूनच वाट सापडते.

गटात आमच्याकडे 'ठीक' आणि 'बरं' या शब्दांना बंदी होती. पहिल्या दिवशी बोलायलाच काही उरलं नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं. दुसऱ्याचं ऐकताना आपला घसा दाटतो, तेवढं वहीत टिपा.

सत्र संपल्यावर लगेच बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घालू नका. जरा बसा, नाहीतर मेट्रोने जा. सुरुवातीचे काही आठवडे चिडचिड आणि रडू वाढू शकतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, "मी रडलो तर समजावू नका, नुसते जवळ बसा." जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.