खिडकीच्या फिल्मसाठी साबणाचे पाणी: प्रमाण आणि कृती

नागपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडील खिडक्यांना उष्णतारोधक फिल्म लावण्याचा विचार अनेक जण करतात. फिल्म सरळ बसेल की सुरकुतेल, हे बऱ्याच अंशी फवाऱ्यातील पाण्यावर ठरते. हे पाणी दोन परस्परविरोधी कामे करते. फिल्म काचेवर ठेवल्यावर ती सरकवून जागेवर आणता यावी यासाठी ते चिकट थराची पकड तात्पुरती रोखते, आणि स्क्वीजीने, म्हणजे पाणी ओढण्याच्या रबरी पट्टीने, ओढून काढल्यावर ती पकड पुन्हा बसू देते.

पाणी शक्यतो डिस्टिल्ड घ्यावे. बॅटरीच्या दुकानात ते सहज मिळते. आरओचे पाणीही चालते. बोअरचे पाणी मात्र टाळावे, कारण त्यातील क्षार, म्हणजे कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसवणारेच, पाणी सुकल्यावर फिल्म आणि काच यांच्यामध्ये कायमचे अडकून राहतात व ते पुसता येत नाहीत.

साबण म्हणून साधा बेबी शाम्पू उत्तम. कंडिशनर, तेल किंवा मॉइश्चरायझर मिसळलेला शाम्पू वापरू नये, कारण त्याचा तेलकट अंश चिकट थराला धरू देत नाही. अमोनिया असलेला काच साफ करण्याचा द्रवही या मिश्रणात घालू नये.

एक लिटरच्या स्वच्छ धुतलेल्या स्प्रे बाटलीत आधी पाणी भरावे आणि मग सुमारे अर्धा चमचा शाम्पू सोडावा. क्रम उलटा केल्यास बाटली फेसानेच भरते. बाटली हलवण्याऐवजी दोन-तीन वेळा हळूच आडवी-उभी करावी. मिश्रण रोज ताजे करावे.

हे प्रमाण केवळ सुरुवातीचे आहे. फिल्मचा एक छोटा तुकडा ओल्या काचेवर ठेवून बोटाने ढकलून पाहावा. तो अडखळत असेल तर शाम्पूचे चार-पाच थेंब वाढवावेत. स्क्वीजी फिरवल्यानंतरही तो जागेवरून घसरत असेल किंवा कडा उचलल्या जात असतील, तर साबण जास्त झाला असे समजून पाणी वाढवावे. माझ्या मते चूक बहुधा जास्तीच्याच बाजूला होते, कारण फेस दिसला की काम चांगले चालल्याचा भास होतो.

नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ अतितप्त, दिवसांत काच इतकी तापते की फवारलेले पाणी फिल्म टेकवण्याआधीच वाळू लागते. अशा वेळी साबण वाढवण्यापेक्षा, ऊन त्या काचेवर येण्याआधी काम उरकणे आणि पाणी भरपूर फवारणे श्रेयस्कर. थंडीत उलट चिकट थर हळू धरतो, म्हणून साबण थोडा कमीच असावा.

काच ब्लेडने खरवडून धुतल्यावर तिच्यावर याच पाण्याचा भरपूर फवारा द्यावा. संरक्षक पापुद्रा सोलताना उघडा होणारा चिकट भागही लगोलग ओला करावा, अन्यथा तो हवेतील धूळ ओढून घेतो. फिल्म बसल्यावर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही थोडे पाणी फवारावे, म्हणजे स्क्वीजी ओरखडा न काढता सरकते. मग मध्यापासून कडांकडे, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत, पाणी बाहेर काढावे.

आत राहिलेल्या पाण्यामुळे काही दिवस धूसर ठिपके किंवा दुधाळ छटा दिसते. ती उन्हाळ्यात लवकर जाते, पावसाळ्यात काही आठवडेही लागतात. तोवर कडा नखाने उचलून पाहू नयेत आणि काच धुऊ नये.