माळ्यावरची फ्लॉपी वाचायच्या आधी

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे माळे, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांतली टूलची कपाटं, बंद पडलेल्या छापखान्यांचे खण: साडेतीन इंची फ्लॉप्या अजून अशा ठिकाणी निघतात. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च 2011 मध्ये थांबवली, त्यामुळे जी हाती लागेल ती जुनीच असणार. ती सापडताच ड्राइव्हमध्ये सरकवू नका. सगळ्यात जास्त नुकसान त्या घाईने होतं.

नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसात बंद डब्यातल्या फ्लॉपीला बुरशी धरते. हार्ड डिस्कमधला मजकूर वाचणारं हेड तबकडीपासून किंचित वर तरंगतं, फ्लॉपीचं हेड मात्र चकतीला टेकूनच चालतं आणि चकती मिनिटाला 300 फेरे घेते. बुरशीचा कण हेडखाली आला की चुंबकीय लेप खरवडला जातो आणि चकतीवर गोल चरा उमटतो. तिथला मजकूर कायमचा गेला. शिवाय तेच मळलेलं हेड पुढची चांगली फ्लॉपीही बिघडवतं.

म्हणून आधी पत्र्याची किंवा प्लास्टिकची सरकती झडप बाजूला करा, मागची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवा आणि टॉर्च तिरका धरून दोन्ही बाजू पाहा. पांढुरके, करडे ठिपके म्हणजे बुरशी. गोल चरा दिसला तर ती फ्लॉपी वेगळी ठेवा आणि सगळ्यात शेवटी वाचा. बुरशी असेल तर झडप काढून कवचाची कड पातळ पात्याने उकला, चकती बाहेर घ्या आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. चकती पूर्ण वाळली की दुसऱ्या निकामी फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात बसवा. जुन्या कवचातल्या अस्तरात बुरशी शिल्लक असते. हे काम पावसाळ्यात काढू नका, दसऱ्यानंतरची कोरडी हवा बरी.

आता लेखनबंदी. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद होतं. सव्वापाच इंचीवर नेमकं उलट: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की बंद. इथे हमखास गोंधळ होतो.

साडेतीन इंचीसाठी यूएसबी ड्राइव्ह चालतो. विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ विचारलं तर नाही म्हणा. एकेक फाइल कॉपी करत बसण्यापेक्षा लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत 512 बाइटचे 2,880 सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, असतात, म्हणजे प्रतिमेची फाइल बरोबर 14,74,560 बाइट भरली पाहिजे. आकार जुळला तरी काही सेक्टर वाचले गेले नसतील, ते डीडीरेस्क्यूने लिहिलेल्या नोंदफाइलमध्ये दिसतं. तीच नोंदफाइल ठेवून फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची जागा केसभर वेगळी असते, त्यामुळे एकात अडलेला सेक्टर दुसऱ्यात निघू शकतो. भंगारात निघालेल्या पीसीतला जुना ड्राइव्ह यासाठीच जपून ठेवावा. दर खराब फ्लॉपीनंतर हेड त्याच अल्कोहोलने पुसा.

सव्वापाच इंचीला तयार यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. 34 पिनांच्या केबलचा मूळ ड्राइव्ह आणि तो यूएसबीने संगणकाला जोडणारा ग्रीझवीझलसारखा बोर्ड लागतो. 360 केबीची फ्लॉपी 1.2 एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण तिथे तिच्यावर लिहू नका: त्याचं हेड अरुंद असल्याने जुन्या ड्राइव्हला पुढे ती नीट वाचता येत नाही.

वर्कशॉपातल्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनची फ्लॉपी विंडोजला कोरी वाटली तरी ती चांगली असू शकते, कारण तिच्यावरची मांडणी डॉसची, म्हणजे विंडोजला ओळखता येणारी, असेलच असं नाही. ती याच बोर्डने वाचून घ्या. मशीनमध्ये पुढे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक हे त्याचीच नक्कल करणारं यंत्र बसवता येतं, त्यात पेन ड्राइव्ह चालतो. घेण्याआधी मशीन 720 केबी वापरतं की 1.44 एमबी, ते तपासा आणि जुना ड्राइव्ह फेकू नका.

मराठी मजकुराची अडचण फाइल मिळाल्यावर सुरू होते. श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतला मजकूर आजच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त तो फॉन्ट नसतो. त्याच फॉन्टसाठी बनवलेला, मजकूर आजच्या युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरा. एका फॉन्टचा दुसऱ्याला चालत नाही. या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. त्यामुळे ‘निर्णय’, ‘वाऱ्यावर’, ‘कीर्ती’ असे शब्द आधी तपासा आणि छापील प्रत असेल तर एक पूर्ण पान तिच्याशी ताडून पाहा. मूळ फाइल आणि फॉन्टची फाइल प्रतिमेसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.