टिकल्यांचं जुनं पिस्तूल: आधी पाणी, मग तेल

टिकल्या फोडायचं खेळण्यातलं जुनं गंजकं पिस्तूल हातात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा तेलाची बाटली शोधतात. ती बाटली फडताळातच राहू द्या. आधी पाणी लागतं, आणि का लागतं ते पुढे सांगते.

माझं गोव्यात फोंड्याला शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. श्रावण सरत आला की मशिनींच्या जोडीला ही खेळण्यातली रिव्हॉल्वरंही यायला लागतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याकडची पोरं घरी येणार असतात, माळ्यावर माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या मांडवीचं) सामान काढताना बापाच्या लहानपणीचं पिस्तूल हाती लागलेलं असतं, आणि "ताई, एवढं चालू करून द्या" म्हणून कोणीतरी पिशवी पुढे करतं. खरं तर यातलं बरंचसं काम घरी होण्यासारखं आहे.

मात्र माळ्यावर सापडलेली वस्तू खेळणंच आहे ना, याची आधी खात्री करा. गोव्यातल्या जुन्या घरांत काय काय निघेल सांगता येत नाही. खरं हत्यार असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी त्याचा चाप ओढून बघू नका, साफ करू नका, जिथे आहे तिथेच ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे खऱ्या बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खेळण्यातल्या बंदुकीची खरी करणं हाही गुन्हाच आहे. हौस टिकल्यांपुरती ठेवायची.

आता चुंबक घ्या. फ्रीजच्या दारावरचं चालेल. चिकटलं तर पिस्तूल लोखंडी पत्र्याचं; नाही चिकटलं आणि हाताला वजनदार लागलं तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव. दोघांची औषधं वेगळी आहेत, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

यानंतर पाणी. जुन्या पिस्तुलात टिकल्यांच्या रोलचा तुकडा अडकलेला असतो, आणि तो कितीही जुना असला तरी फुटू शकतो. टिकली ठोक्याने फुटते तशी घासण्यानेही फुटते. त्यामुळे कोरड्या पिस्तुलात पिन किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून कोरायचं नाही. साबणाच्या कोमट पाण्यात अख्खं पिस्तूल बुडवून ठेवा, कागद लगदा झाला की लाकडी काडीने काढा. मूठ लाकडाची असेल तर ती आधी सोडवून घ्या.

पाण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कागदी टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. फुटल्यावर क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊच. तो हवेतला ओलावा ओढतो, आणि आपल्याकडे भाद्रपदात ओलाव्याला तोटा नाही. फॉस्फरस जळून उरतं त्याचं ओलाव्याने आम्ल होतं, ते वेगळंच. हे मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेल सोडलं की मीठ खाली सुरक्षित बसतं आणि पत्रा खात राहतं. पूर्वी रायफलीच्या काडतुसांतही क्लोरेट असायचं, तेव्हा शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतून मगच तेलाचा बोळा फिरवत. पिस्तूल वापराने मोडत नाही, न धुता ठेवल्याने मोडतं.

पत्र्याच्या पिस्तुलाचे दोन अर्धे भाग असतात आणि कडेचे छोटे कान दुमडून ते जोडलेले असतात. हे कान दोन-तीनदा वाकवले की तुटतात. म्हणून चपट्या पकडीने कान सरळ उभा होईल इतकाच उचला, मागे नेऊ नका. वरचं झाकण काढताना पिस्तूल आडवं ठेवा आणि दोन्ही हातांसकट एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घाला. हसू नका. आतली स्प्रिंग उडाली की कपाटाखाली जाते, आणि तिथून परत येत नाही. झाकण निघालं की काहीही हलवण्याआधी मोबाइलवर वरून एक फोटो.

आत फार काही नसतं. चाप, टिकलीवर आपटणारा घोडा, त्याची स्प्रिंग, चाप परत आणणारी बारीक स्प्रिंग, आणि रोल पुढे ढकलणारं किंवा चक्री फिरवणारं एक बोट.

लोखंडी पत्र्याच्या गंजाला माझं औषध म्हणजे माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाटल्या भरून मिळतं, आणि घरात सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं कालवण) करून उरलेलं असलं तरी चालेल. नुसते गंजलेले सुटे भाग त्यात काही तास ठेवा, मध्ये मध्ये जुन्या टूथब्रशने घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून स्वच्छ पाण्याने धुवा. रंग किंवा छापील चित्र असलेला भाग व्हिनेगरात घालायचा नाही. जस्ताचा तर एकही भाग नाही, कारण व्हिनेगर गंजाला खातं तसंच जस्तालाही खातं. जस्ताच्या भागांना साबण, पाणी आणि ब्रश पुरे.

वाळवणं लगेच. उघडा झालेला पत्रा ओला राहिला तर बघता बघता पुन्हा तांबूस होतो. उन्हाची वाट बघत बसू नका, ते येईल तेव्हा येईल. केस वाळवायचा ड्रायर उत्तम.

आता तेल, आणि ते शिवणयंत्राचं, फिरणाऱ्या खिळीवर एकेक थेंब. खोबरेल नको. माझ्याकडे अडकून येणाऱ्या मशिनींत निम्म्यांच्या पोटात खोबरेलच असतं. सुमारे २४ अंशांखाली ते थिजतं, डिसेंबरातल्या रात्री तेवढ्याला पुरतात, आणि वर्षभराने त्याचा चिकटा होतो तो वेगळा. टिकली बसते त्या जागी मात्र कुठलंच तेल नको. तेल प्यालेली टिकली फुसकी जाते. तिथे आणि रोलच्या वाटेवर शिसपेन्सिलीचं टोक घासा.

चापाची बारीक स्प्रिंग तुटली असेल तर बॉलपेनची कापून बसते. घोड्याला ती पुरत नाही. त्याला पियानो वायर (कडक पोलादी तार) घ्या, नाहीतर मोठ्या सेफ्टी पिनेची तार. जुन्या स्प्रिंगची जाडी मोजा आणि तेवढ्याच जाडीची तार शोधा. "थोडी जाड टाका, आवाज मोठा येईल" असं गिऱ्हाईक हमखास सांगतं. पण तार मूळच्या एक दशांशाने, म्हणजे दहा टक्क्यांनी, जाड झाली की स्प्रिंगचा जोर जवळजवळ दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. मग आवाज मोठा यायच्या आधी जस्ताचा घोडाच फुटतो. तार खिळ्याभोवती गुंडाळताना खिळा हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्या, सोडल्यावर वेटोळं उसळून मोठं होतं. तार तापवायची नाही. तापवलेली तार वाकते, पण परत येत नाही.

ओतीव पिस्तुलाचा तुकडा पडला असेल तर सोनाराकडे डाग द्यायला नेऊ नका. हे मिश्रण ४०० अंशांच्या आतच वितळतं. ज्योत लागताच डागाऐवजी गोळा हातात येईल. मुठीचा तुकडा दोन नळ्यांच्या इपॉक्सीने चिकटतो, आत पितळेची बारीक खिळी घातली तर पक्का बसतो. घोड्याचं टोक मात्र कशानेच चिकटून टिकत नाही. आणि सगळ्या अंगावर बारीक जाळीसारख्या भेगा असतील, भाग फुगल्यासारखा दिसत असेल, तर ओतताना जस्तात शिसं वगैरे मिसळलेलं होतं. तो रोग आतून पसरतो. असं पिस्तूल मी सरळ परत देते: काचेच्या कपाटात ठेवा, पोरांच्या हाती नको.

रंगाचं माझं मत विचाराल तर हात लावू नका. घासून चकचकीत केलेलं आणि वर स्प्रे मारलेलं पिस्तूल बाजारातल्या नव्यासारखं दिसतं, मग नवंच का नाही आणलं? फिकट झालेला निळा-काळा रंग तसाच ठेवून वर पातळ मेण चोळा, बस्स.

जोडून झालं की आधी टिकलीशिवाय कोऱ्या कागदाची पट्टी घालून बघा. प्रत्येक चापाला पट्टी एकेक घर सरकली पाहिजे. अडखळली तर ढकलणारं बोट केसभर आत वाकवा. मग खरी टिकली, अंगणात, हात लांब करून, डोळ्यांना चष्मा, आणि कोणाच्या कानाजवळ नाही. रोल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचा नाही हे पोरांना बजावून सांगा.

चवथ संपली की त्याच रात्री रोल काढून पिस्तूल धुवा, वाळवा, थेंबभर तेल सोडून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आतल्या आत घाम येतो. आणि पुण्याला परत जाणाऱ्या भाच्याला ते द्यायचंच असेल तर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, खेळण्यातलं असलं तरी काढून घेतात.